थोरल्या दिरांची क्रोमची चाकं

एखाद्याचा सूड घ्यायचा असेल तर त्याचं सगळ्यात लाडकं काय आहे ते आधी शोधावं लागतं. माझ्या थोरल्या दिरांच्या बाबतीत मला काही शोधावं लागलं नाही. त्यांचं लाडकं मी रोज सकाळी माझ्याच हातांनी धुऊन पुसत होते.

आमचं घर पंचवटीत, आग्रा रोडपासून पाच मिनिटांवर. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं. माझे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात कामाला होते. पहाटे डबा घेऊन निघायचे ते संध्याकाळीच परतायचे. थोरले दीर बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. आणीबाणी उठल्यावर वर्षभरात त्यांनी एक जुनी फियाट घेतली. गाडी सेकंडहँड, रंग दोन ठिकाणी उडालेला, मागच्या सीटवर बसलं की ती कुरकुरायची. तिच्यावर खर्च करायचा तर इंजिनावर करावा. पण नाही. त्यांनी मुंबईहून वेगळ्या रिमा आणल्या आणि सातपूरच्या एका कारखान्यातून त्या क्रोम करून घेतल्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार.

त्या रिमा बसवायला मिस्तरी स्वतः घरी आला होता. मूळचा मालेगावचा, म्हणजे माझ्या माहेरचा माणूस. चाकं चढवून झाल्यावर तो काय करायचं आणि काय नाही ते सांगायला लागला, तेव्हा दीर फाटकापाशी उभं राहून शेजारीपाजारी बघताहेत की नाही ते पाहत होते. चहाचा ट्रे घेऊन मी दारात उभी होते. ऐकत होते ती फक्त मीच.

"ये क्रोम है ना भाभी, कांद्याचा पापुद्रा समजा," तो म्हणाला. "खाली निकेल, वर हा पापुद्रा. बस. आंबट नाय लावायचं, खारट नाय लावायचं. राख, विटकर तर हात नाय लावायचा. गाडी बाहेरून आली, चाक गरम हाय, पाणी नाय मारायचं. धूळ सुकी नाय पुसायची, रेघा पडतात. साबणाचं पाणी, नरम कपडा, आणि लगेच कोरडं. पाणी वाळलं की डाग बसला."

दिरांनी लांबूनच मान हलवली. त्या दिवसापासून चाकं माझ्याकडे आली. आमच्याकडे थोरल्यानं धाकट्याच्या बायकोशी थेट बोलायचं नाही अशी रीत होती, त्यामुळे हुकूम जाऊबाईंमार्फत आला. "तिला सांग, भांडी छान घासते, चाकंही तिनेच बघावीत." मी चार फुटांवर पोळ्या लाटत होते.

मग ते रोजचं होऊन बसलं. ऊन यायच्या आत बादलीभर पाणी, त्यात अंघोळीच्या साबणाचे उरलेले तुकडे विरघळवून. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची. मग जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा, एका चाकाला एकच, म्हणजे एकाची कच दुसऱ्याला लागत नाही. नटांच्या खाचांत ब्रेकची काळी भुकटी बसते, ती झिजलेल्या दातांच्या ब्रशानं. नंतर स्वच्छ पाणी आणि लगेच कोरडा फडका, कारण आमच्या विहिरीचं पाणी जड, वाळलं की पांढरे ठिपके. आठवड्यातून एकदा डबीतलं मेणाचं पॉलिश, पावसाळ्यात खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात. रस्त्याच्या बाजूची दोन चाकं जास्त मळायची, म्हणून त्यांना जास्त वेळ.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायला लागलं होतं. त्या घरात माझ्या हातचं इतकं नजरेत भरणारं दुसरं काही नव्हतं. आमटी खाल्ली की संपते. चाकं दिवसभर दिसायची. पॉलिश झालं की त्यात माझं तोंड नारळाएवढं फुगीर दिसायचं आणि मी कोणी बघत नाही असं पाहून स्वतःला वेडावून दाखवायचे. संध्याकाळी दीर गाडीला टेकून फाटकात उभे राहायचे. येणारा-जाणारा म्हणायचा, "साहेब, काय चाकं ठेवलीयत!" दीर म्हणायचे, "निगा राखावी लागते." निगा कोण राखतं ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. आणि दोन वर्षांत त्या गाडीत मी एकदाही बसले नाही. सासूबाई देवाला जायच्या, जाऊबाई माहेरी जायच्या, मुलं शाळेत जायची. माझ्या वेळेला काहीतरी सामान असायचं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात एका सकाळी तार आली. मी नुकतीच चाकं कोरडी करून हात पुसत होते. तार माझ्याच हातात पडली. वडील अत्यवस्थ, लगेच निघा. वडील मालेगावात सुताच्या एका पेढीवर कारकून होते. माणूस साधा, आयुष्यात कधी कोणाला मोठ्यानं बोलला नाही. मी त्यांची एकुलती एक.

सकाळचे नऊ वाजत होते. यजमान केव्हाच ओझरला गेलेले. गाडी पोर्चमध्ये उभी, दीर आत पोहे खात होते. त्या दिवशी त्यांना कुठं जायचं नव्हतं, हे मला माहीत होतं, कारण आदल्या रात्रीच त्यांनी जाऊबाईंना तसं सांगितलं होतं. मी तार जाऊबाईंच्या हातात दिली. म्हटलं, "जाऊबाई, दादांना विचारा ना, गाडीनं सोडतील का?" जाऊबाई आत गेल्या. दाराला कान लावायची गरज नव्हती, दिरांचा आवाज मोठाच असायचा.

"चांदवडच्या पुढं रस्ता खणून ठेवलाय. नुसती खडी आणि चिखल. रिमांची वाट लागेल. आत्ताच तर तिनं पुसल्यात. तिला सांग, एसटी तासाला एक आहे."

जाऊबाई बाहेर आल्या आणि तेच मला पुन्हा सांगायला लागल्या. मी म्हटलं, "ऐकलं मी."

पहिली एसटी आडगाव नाक्यावर थांबलीच नाही, खच्चून भरलेली होती. दुसरी मिळाली, ती पिंपळगावच्या पुढं बंद पडली. पावसात दीड तास आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे होतो. मी प्रत्येक जाणाऱ्या मोटारीकडे बघत होते. मालेगावला पोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. वडील दोन वाजता गेले होते. गाडीनं निघाले असते तर साडेबाराला त्यांच्या उशाशी असते. हे गणित मी त्या दिवशी मांडलं आणि आजवर रोज मांडत आले.

दिवसवार आटोपून पंधरा दिवसांनी नाशिकला परतले. यजमानांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "दादांचं काहीतरी कारण असेल." त्या रात्री मी त्यांच्याकडे पाठ करून झोपले, आणि पुढच्या पुष्कळ रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई चहा घेऊन आल्या. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. त्या चाचरत म्हणाल्या, "अगं, हे म्हणत होते, तिला सांग, पंधरा दिवस चाकांकडं कोणी बघितलेलं नाही."

माझ्या वडिलांचं नाव नाही. 'कधी आलीस' एवढंही नाही. चाकं.

मी बादली भरली आणि चाकं धुवायला बसले. न्हाणीघरात अ‍ॅसिडची बाटली होती. दोन थेंबांत काम झालं असतं. पण मग ते माझ्या हातून झालं असतं, आणि त्यांनी मला उभ्या-उभ्या घराबाहेर काढलं असतं. ते मला नको होतं. मला ते त्यांच्याच हातून व्हायला हवं होतं. म्हणून मी वाट बघितली. त्या दीड महिन्यात चाकं मी अशी ठेवली की कारखान्यातून निघाली तेव्हाही तशी नव्हती. दीर खूश होते. मला कळत होतं की जितकी चमक वाढेल तितकं ते जास्त दुखणार आहे.

दसरा आला. त्या दिवशी घरोघर हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा. दिरांचे दोन भागीदार सहकुटुंब जेवायला येणार होते. आदल्या दिवशी गाडी साइटवर जाऊन चिखलात बुडून आली होती. आणि आदल्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, "मला कावळा शिवला."

खरं म्हणजे कोणी शिवलं नव्हतं. माझी पाळी यायला दहा दिवस होते. पण हे एक खोटं असं होतं की ते तपासायला त्या घरात कोणी येऊ शकत नव्हतं. सासूबाईंनी बोटं मोजली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "दुःखानं मागंपुढं होतं." मला पोर्चशेजारच्या पडवीत गोणपाट टाकून दिलं. चार दिवस कशाला हात लावायचा नाही, पूजेच्या गाडीला तर मुळीच नाही. तोवर त्या गोणपाटाचा मला राग यायचा. त्या दिवशी मी त्याच्यावर मांडी ठोकून बसले.

सकाळी दीर बाहेर आले, चाकं बघितली आणि सवयीनं म्हणाले, "तिला सांग..." जाऊबाई म्हणाल्या, "ती बाहेरची आहे." दीर तसेच उभे राहिले. त्या घरात पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगायला कोणी नव्हतं.

जाऊबाई नळाशी बसून देवाची पितळेची भांडी घासत होत्या. चिंचेचा कोळ, मीठ, विटकरीची बारीक पूड. काळी पडलेली समई त्यांनी धुऊन वर धरली तर ती नव्यासारखी लखलखत होती. दिरांची नजर समईवरून चाकांवर गेली. माझी त्यांच्यावर होती.

"हेच लावून बघू," ते म्हणाले.

जाऊबाई घुटमळल्या. माझ्याकडे लांबूनच बघून त्यांनी विचारलं, "अगं, तू काय लावतेस गं चाकांना?"

तो क्षण मी विसरलेले नाही. मिस्तरीचा शब्द न् शब्द माझ्या जिभेवर होता. जाऊबाईंशी माझं वैर नव्हतं. त्या बापड्या निरोप्या. सांगितलं असतं तर त्यांनी चिंच बाजूला ठेवली असती. मी पदर नीट केला आणि म्हटलं, "पूजेचं काम आहे, जाऊबाई. आज मी तोंड न घातलेलंच बरं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं."

मग दीर बाह्या सरसावून स्वतःच बसले. एवढा मोठा कंत्राटदार, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, चिंचेचा कोळ मुठीनं चाकांना फासत होता. चारी चाकं तपकिरी झाली. "मुरू दे," म्हणाले, आणि वर मीठ चोळलं. मग अंघोळीला गेले. ऊन पोर्चमध्ये आलं, चिंच वाळून तिला भेगा पडल्या. एकेक मिनिट मी चवीनं चाखत होते. अंघोळ करून आल्यावर ते वाळलेलं निघेना, म्हणून त्यांनी विटकरीची पूड घेतली आणि काथ्यानं खसाखसा घासायला सुरुवात केली. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. पिंपळगावच्या पुढं पावसात उभी होते तेव्हापासून माझ्या छातीत जे अडकून बसलं होतं ते त्या आवाजाबरोबर थोडं-थोडं सैल होत होतं.

पाणी ओतल्यावर चाकं ओली-ओली चमकली. दीर म्हणाले, "बघ! तिच्यापेक्षा छान निघाली. उगाच तास-तास घालवते." मग हळदकुंकू, झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, पुढं नारळ फोडला आणि त्याचंही पाणी चाकांवर शिंपडलं. कोरडं करायचं कोणालाच सुचलं नाही. मी पडवीतून हात जोडले. मनापासून जोडले.

दुपारी भागीदार आले तेव्हा चाकं वाळली होती. उन्हात त्यांच्यावर बारीक-बारीक ओरखड्यांचं जाळं दिसायला लागलं होतं. एक जण म्हणाला, "पॉलिश उतरलं का हो?" दिरांनी विषय बदलला. कोजागिरीपर्यंत ती धुरकट झाली. दिवाळीत खाचांच्या कडेनं तांबूस ठिपके उठले, गोवर उठावा तसे. मी पुन्हा रोज धूत होते, अगदी मिस्तरीनं सांगितलं होतं तस्संच, मलमलचा तुकडा, साबणाचं पाणी, लगेच कोरडं. दीर पाठीमागं उभे राहून बघायचे. एका सकाळी फडक्याबरोबर क्रोमचा नखाएवढा पापुद्रा निघून आला. मी तो तळहातावर घेऊन त्यांना दिसेल असा धरला. 

शेवटी मिस्तरीला बोलावलं. त्यानं उकिडवं बसून रिमवर नख फिरवलं, बोटाला लागलेला गंज बघितला आणि विचारलं, "आंबट कोणी लावलं?"

दीर म्हणाले, "पाणी खराब आहे आमचं."

मिस्तरीनं माझ्याकडे बघितलं. मी ट्रेमधले कप सारखे केले. तो उठला, हात झटकले. "लोखंडाला खड्डे पडले, शेठ. पुन्हा चढवलं तरी टिकनार नाय. आता काळी चाकंच लावा."

दिरांनी मूळची काळी चाकं पुन्हा लावली. क्रोमच्या रिमा मागच्या शेडमध्ये पत्र्याखाली गेल्या. संध्याकाळी फाटकात उभं राहणं बंद झालं. कोणी विचारलं, "साहेब, चाकं कुठं गेली?" की त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला स्वयंपाकघरात जाऊन हसावं लागायचं. मला आनंद झाला. वाईट वाटलं, पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर लोकांना बरं वाटेल, पण मला तसं झालं नाही. मी त्या हिवाळ्यात दोन घास जास्त जेवले.

आणि गाडी एकदम घरची झाली. तिच्यातून सिमेंटच्या गोण्या यायला लागल्या, लोणच्याच्या कैऱ्या यायला लागल्या, शेजारच्या बाळंतिणीला दवाखान्यात नेलं. चिखल लागला तर कोणी बघायचं नाही. सूड घेतला तेव्हा हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तार आली. आईची एक बाजू लुळी पडली होती. रविवार होता, यजमान घरात होते. ते काही बोलायच्या आत दीर म्हणाले, "गाडी आहे ना दारात. चला, मी येतो." इतकं सोपं. दुसरा कोणी असता तर मी त्याचे पाय धरले असते. मला त्यांचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला. पहिल्यांदाच त्या कुरकुरणाऱ्या सीटवर बसले आणि दात आवळून बाहेर बघत राहिले. चांदवडच्या पुढं रस्ता खणलेलाच होता, दर पावसाळ्यात तो खणलेलाच असायचा. खडी खाली ताडताड आपटत होती. दीर गाडी जोरात हाणत होते. अडीच तासांत आम्ही पोचलो.

आई जिवंत होती. दवाखान्यातल्या खोलीत खाटेवर पडलेली, तोंड जरा वाकडं झालेलं, पण बोलत होती. यजमान औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेले. दीर दारात उभे राहिले. आईनं बऱ्या असलेल्या हातानं माझा हात धरला आणि खिडकीकडे बघून विचारलं, "गाडी कोनी शे?" घरी ती अहिराणीच बोलायची.

"दादांची," मी म्हटलं. "दोन-तीन वर्षं झाली घेऊन."

तिनं पुन्हा एकदा खिडकीबाहेर बघितलं. मग सांगायला लागली. बाबा गेले त्या दिवशी त्यांनी सगळ्या दवाखान्याला सांगून ठेवलं होतं, माझ्या पोरीच्या घरी मोटार आहे, ती आत्ता येईल. बाहेर हॉर्न वाजला की ते दाराकडे मान वळवायचे. शेवटी मान वळेना तेव्हा नुसते डोळे वळवायचे. हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती. मग तिनं विचारलं, "मंग तवय काबर नही उनी?"

तेव्हा का नाही आलीस.  मी मागं दाराकडे वळले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी दिरांशी थेट एक वाक्य बोलले नव्हते.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

आईला वाटलं, मोठ्या माणसाला विचारायचं म्हणजे मान ठेवून विचारावं. तिनं त्या एका हातानं पदर ओढून डोक्यावर घेतला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. दिरांनी दोनदा घसा खाकरला. "रस्ता फार खराब होता हो," ते म्हणाले.

आई भोळी. तिच्या मनात टोमणा वगैरे काही नव्हतं. तिनं नुसतं विचारलं, "आज बी तोच रस्ता शे ना?"

दीर दारातच उभे होते. खाटेजवळ एक खुर्ची होती. ती मी त्यांना दिली नाही.